राजीनामा देण्यापूर्वी

वाचक भगिनीचे पत्र, थोडक्यात: मी ४२ वर्षांची असून भोसरीतल्या एका कारखान्यात हिशेबाचे काम करते. गेल्या महिन्यात एका ख्रिस्ती उज्जीवन सभेत (श्रद्धा नव्याने जागवण्यासाठी भरणाऱ्या सभेत) वक्ते म्हणाले की, देवाने नेमलेला हेतू ज्याला सापडला नाही त्याचे आयुष्य वाया गेले. तेव्हापासून मला झोप नाही. पूर्णवेळ ख्रिस्ती सेवेत जावे म्हणून राजीनामा लिहून ठेवला आहे, पण प्रार्थनेत स्पष्ट उत्तर मिळत नाही. शनिवारीसुद्धा निवांतपणा नसतो; वस्तीतल्या विधवा बायका निराधार पेन्शनचे आणि बँकेचे कागद घेऊन येतात, त्यातच दिवस जातो. माझे पाचारण, म्हणजे देवाने मला दिलेली हाक, हुकले तर?

प्रिय भगिनी, सप्रेम सलाम.

शनिवारबद्दलचे वाक्य तुम्ही तक्रार म्हणून लिहिले आहे, पण मी तुमचे पत्र वाचताना सर्वांत जास्त वेळ त्याच वाक्यापाशी थांबले. बायबलमधल्या इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात प्रेषित पौल म्हणतो की, आपण देवाची हस्तकृती आहोत आणि जी सत्कृत्ये आपण करावीत ती त्याने आधीच योजून ठेवली आहेत. तिथे ‘सत्कृत्ये’ हा शब्द अनेकवचनी आहे. एकच गुप्त काम कुठेतरी दडवून ठेवले आहे आणि ते न सापडल्यास सारे फुकट, ही कल्पना त्या वचनातून निघत नाही. सभेत ती जोरात मांडली जाते, इतकेच. (वक्त्यांना दुसऱ्या दिवशी पुढच्या गावी जायचे असते, झोप उडते ती ऐकणाऱ्यांची.) यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या २९व्या अध्यायातले ‘हिताचे संकल्प’ हे वचन आपण भिंतीवर टांगतो, पण ते पत्र बाबेलमधल्या बंदिवानांना होते आणि त्यात आधी घरे बांधा, मळे लावा, ज्या नगरात आहात त्याचे हित साधा, असे सांगितले आहे.

आपल्या जिल्ह्यातलेच उदाहरण घ्या. पंडिता रमाबाईंनी १८९०मध्ये विधवा आणि मुलींसाठीची आपली शाळा, शारदा सदन, मुंबईहून पुण्याला आणली आणि पुढे संस्थेला उत्पन्न व्हावे म्हणून केडगावला फळबागेसाठी जमीन घेतली. बागेपलीकडचा विचार तेव्हा फारसा नसावा. मग १८९६-९७चा दुष्काळ पडला, त्या मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली घेऊन आल्या, पुण्यात प्लेगमुळे निर्बंध आले आणि त्या मुलींना आसरा मिळाला तो केडगावच्या जमिनीवर. निराधार बायका-मुलींना आसरा देणारे मुक्ती मिशन असे उभे राहिले. संपूर्ण आराखडा आधी हाती यावा म्हणून बाई थांबल्या असत्या, तर दुष्काळ थांबणार नव्हता. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून मराठी बायबल करण्याचे काम तर त्यांनी उतारवयात केले आणि १९२२मध्ये मृत्यूपूर्वी ते पुरे केले.

तुमच्याकडे त्या बायका का येतात, हा प्रश्न स्वतःला विचारून पाहा. हिशेब तुम्हाला कळतो, अर्ज तुम्हाला वाचता येतो आणि बहुधा तुम्ही त्यांच्यावर खेकसत नाही. कारखान्यातल्या नोकरीने ही समज दिली आणि घरही चालवले, म्हणून तिला सेवेच्या आड आलेली वस्तू समजू नका. पौल करिंथात तंबू शिवून पोट भरत होता.

याचा अर्थ पूर्णवेळ सेवेची ओढ खोटी आहे असा नाही. ती पारखून घ्या. तुमच्या पाळकांशी (चर्चच्या धर्मगुरूंशी) आणि मंडळीतल्या अशा दोन वडीलधाऱ्यांशी बोला, जे तुम्हाला नाही म्हणू शकतात. अभ्यासाची इच्छा असेल तर बिबवेवाडीतल्या युनियन बिब्लिकल सेमिनरी या ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या संस्थेत एक दिवस रजा काढून चौकशी करून या. त्यासाठी नोकरी सोडावी लागत नाही. सहा महिने राजीनामा कपाटात राहू द्या.

आणि एक गोष्ट राहिली. पत्रात मुलांच्या फीचा उल्लेख नाही, यजमानांचे काय म्हणणे आहे तेही नाही, मात्र राजीनाम्यावर तारीख घालायची तेवढी बाकी आहे असे तुम्ही कळवता. तो कागद साहेबांच्या टेबलावर जाण्याआधी आज रात्री जेवणानंतर यजमानांपुढे ठेवा.