वडिलांच्या खात्यावरचं तुझं नाव

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

"काकू, टॅक्सचं सगळं तोच बघतो, मला फक्त सही करायची आहे," असं तू काल नवऱ्याबद्दल म्हणालीस आणि मला रात्री झोप लागेना. मीही पहिल्या वर्षी नेमकं हेच म्हणाले होते. म्हणून फोन न करता सविस्तर लिहिते आहे.

अमेरिकेत नवराबायकोने एकत्र विवरणपत्र भरलं की त्यातल्या सगळ्या कराला दोघंही पूर्णपणे जबाबदार असतात. त्यात चूक निघाली तर वसुली तुझ्याकडूनही होऊ शकते, मग त्या वर्षी तू एक डॉलरही कमावला नसलास तरी. तुझा नवरा सरळ मनाचा आहे, मी त्याला ओळखते. त्याच्याशेजारी बसून वाच, विचार. त्याला त्यात वावगं वाटणार नाही.

तुमचं लग्न डिसेंबर 2025 मध्ये सांगलीला झालं आणि तू फेब्रुवारीत न्यू जर्सीत आलीस. तरी 2025 च्या विवरणपत्राशी तुझा संबंध आहे, कारण 31 डिसेंबरला जो विवाहित, तो इथल्या कायद्याने त्या सबंध वर्षासाठी विवाहित. त्याला आता 'सिंगल' म्हणून भरता येणार नाही. एकत्र भरलंत तर 2025 साठी प्रमाणित वजावट, म्हणजे उत्पन्नातून सरसकट वजा होणारी रक्कम, 31,500 डॉलर, त्याने वेगळं भरलं तर 15,750. हा फरक बघून सगळे डोळे मिटून 'जॉइंट' भरायला सांगतात. पण तू तेव्हा इथे नव्हतीस. त्यामुळे 'हिला वर्षभर रहिवासी धरावं' असं दोघांच्या सह्यांचं निवेदन सोबत लावावं लागतं, आणि ते लावलं की तुझा पुण्यातला वर्षभराचा पगार आणि बँकेचं व्याज, सगळं डॉलरमध्ये इथे दाखवावं लागतं. भारतात भरलेल्या कराचं क्रेडिट फॉर्म 1116 वर मिळतं, तरी दोन्ही पद्धतींनी आकडेमोड करून बघा. ही निवड पुढच्या वर्षांनाही चालू राहते, आणि एकदा मागे घेतली तर पुन्हा करता येत नाही.

तुझ्या एच-4 वर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसावर मिळालेल्या जोडीदाराच्या व्हिसावर, कामाची परवानगी मिळेपर्यंत तुला सोशल सिक्युरिटी नंबर मिळणार नाही, म्हणून एकत्र भरायचं तर आयटीआयएन, म्हणजे करापुरता ओळख क्रमांक, काढावा लागेल. त्याचा फॉर्म डब्ल्यू-7 विवरणपत्राबरोबरच जातो. मूळ पासपोर्ट मात्र पोस्टात टाकू नकोस. पासपोर्ट समोर बघून लगेच परत देणारे, आयआरएसने, म्हणजे इथल्या कर खात्याने, मान्यता दिलेले एजंट असतात, त्यांच्याकडे जा. माझ्या ओळखीतल्या एका मुलीचा पासपोर्ट असाच टपालात अडकला होता, त्याच आठवड्यात तिची आजी गेली आणि तिला जाता आलं नाही. 15 एप्रिलपर्यंत जमलं नाही तर फॉर्म 4868 भरून 15 ऑक्टोबरपर्यंत मुदत घ्या. ही मुदत कागदांना मिळते, पैशांना नाही. देणं निघत असेल तर ते एप्रिलमध्येच भरायचं.

डब्ल्यू-7 वर नाव पासपोर्टप्रमाणे घाल. आपल्याकडे लग्नानंतर आडनावाबरोबर मधलं नावही बदलतं, वडिलांचं जाऊन नवऱ्याचं येतं, आणि मग पॅन एका नावाने, पासपोर्ट दुसऱ्या, बँक तिसऱ्या असं होऊन बसतं. माझं मत विचारशील तर घाईने बदलू नकोस. बदलायचंच असेल तर आधी पासपोर्ट, मग बाकीचं.

आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते. आपले वडील मुलीच्या प्रेमापोटी प्रत्येक ठेवीवर तिचं नाव घालतात. बँकेतली एफडी, पोस्टातलं खातं, पतसंस्थेतली ठेव. मुलगी सासरी गेली तरी नाव तिथेच राहतं. तू इथली रहिवासी झालीस की तुझं नाव असलेल्या भारतातल्या सगळ्या खात्यांची बेरीज वर्षात एक दिवस जरी 10,000 डॉलरच्या वर गेली, तर एफबार नावाचा अहवाल द्यावा लागतो. संयुक्त खात्यातली पूर्ण रक्कम त्यात मोजतात, तुझ्या वाट्याची नाही. एलआयसीच्या पॉलिसीचं सरेंडर मूल्यही त्यात येतं. अहवाल दिल्याने कर लागत नाही, पण न दिल्याचा दंड जबर असतो. 2026 चा तुझा एफबार एप्रिल 2027 मध्ये जाईल.

मला हे सहा वर्षं कुणी सांगितलं नाही. विवरणपत्र भरून देणाऱ्याने विचारलं नाही, मीही बोलले नाही. माझ्या बाबांनी निवृत्तीनंतर दोन ठेवी माझ्या नावे केल्या होत्या, त्यांचं व्याजही मी दाखवलं नव्हतं. शेवटी स्वतःहून दुरुस्तीचे कागद दिले आणि थकलेल्या कराखेरीज त्या ठेवींतल्या शिलकेच्या 5 टक्के दंड भरला. बाबा फोनवर म्हणाले, "माझ्या पेन्शनच्या पैशाने तुला त्रास झाला का गं?" त्या दंडापेक्षा ते वाक्य मला जास्त लागलं.

म्युच्युअल फंडाची एसआयपी चालू असेल तर आताच थांबव. भारतीय फंडांसाठी इथे दरवर्षी प्रत्येक फंडामागे वेगळा किचकट फॉर्म लागू शकतो, आणि त्यांच्यावरचा करही बोचरा आहे. पीपीएफ मुदत संपेपर्यंत चालू ठेवता येतं, पण त्याचं व्याज तिकडे करमुक्त असलं तरी इथे उत्पन्न धरतात.

भारतातलं काम थोडंच आहे. 2025-26 या आर्थिक वर्षात तू 182 दिवसांहून जास्त तिथे होतीस, म्हणजे त्या वर्षी तू तिथली रहिवासीच. नेहमीसारखं रिटर्न 31 जुलैपर्यंत भर. बचत खातं मात्र तसंच ठेवू नकोस, बँकेला कळवून ते एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचं खातं, करून घे.

या रविवारी तुझ्या बाबांना फोन कर आणि त्यांच्या कपाटातली ती जाड वही काढायला सांग. बँक, शाखा, खातं क्रमांक, नावं कोणत्या क्रमाने आहेत आणि वर्षातली सर्वात मोठी रक्कम, एवढं लिहून घे. त्यांना घाबरवू नकोस, नाव काढा असंही म्हणू नकोस. शनिवारी दोघं जेवायला या, ती यादी आणि विवरणपत्राचा मसुदा घेऊन. सही तोवर थांबव.

तुझी,
काकू