दमा असताना घरकाम: कुत्रा-मांजराची घरं टाळून कामं कशी धरायची

तुझा प्रश्न दोनदा वाचला. भांडुपला राहतेस, केरलादी आणि भांड्यांची चार घरं होती. त्यातल्या दोन घरांत या वर्षी कुत्रा आला, तुला दम लागायला लागला आणि ती दोन्ही सुटली. आता नवीन घरी आधी सांगितलं तर "कामाआधीच अटी?" आणि नंतर सांगितलं तर "आधी का नाही बोललीस?" असं ऐकावं लागतं. माझ्यापेक्षा बरीच लहान आहेस, म्हणून एकेरी बोलते. मी मुलुंड पश्चिमेला चोवीस वर्षं घरकाम केलं, त्यातली शेवटची अकरा दमा घेऊन. आता एका पॉलिक्लिनिकमध्ये साफसफाईच्या बायकांवर सुपरवायझर आहे.

आधीच सांगायचं. दर वेळी, पगाराचं बोलणं व्हायच्याही आधी. काम धरण्याआधी नाही म्हटलंस तर एक फेरी फुकट जाते. महिनाभराने सोडलंस तर दहा-बारा दिवसांचे पैसे अडकतात आणि "ही बाई टिकत नाही" असं त्या मजल्यावर पसरतं. मला हे कळायला वेळ लागला. चौथ्या मजल्यावर माझं एक मांजराचं घर होतं. मांजर म्हातारं, गरीब, दिवसभर सोफ्यावर पडून असायचं. माझं नाक वाहायचं, मी पदराने पुसायचे आणि काम उरकायचे. दिवाळीच्या साफसफाईला मॅडमनी बेडचा बॉक्स रिकामा करायला सांगितला. रजया काढून बाल्कनीत झटकत होते. तिसऱ्या रजईला घशात खाज सुटली, पाचवीला छातीत शिट्टी वाजायला लागली. कशीबशी दाराबाहेर आले आणि जिन्यात कठडा धरून बसले. वॉचमनने पाणी आणलं, ते घशाखाली उतरेना. आणि मांजर त्या दिवशी घरात नव्हतंच. साफसफाई आहे म्हणून दोन दिवस मॅडमच्या बहिणीकडे ठेवलं होतं.

सायन हॉस्पिटलच्या छातीच्या ओपीडीत डॉक्टरांनी मग समजावून सांगितलं. त्रास नुसत्या केसांचा नसतो. मांजराच्या लाळेत आणि कातडीत एक प्रथिन असतं. मांजर अंग चाटतं तेव्हा ते केसांवर वाळतं, कोंड्यासारखं बारीक होऊन हवेत तरंगतं, गादीत, पडद्यात, सोफ्यात बसतं. मांजर घरातून गेलं तरी महिनोन्‌महिने तिथेच राहतं. कुत्र्याचंही थोड्याफार फरकाने तसंच. म्हणून "तू येशील तेव्हा मी त्याला बेडरूममध्ये बंद करते" असं कोणी प्रेमाने म्हणालं तरी तुला उपयोग नाही. ज्या बाईला नुसती कुत्र्याची भीती आहे तिचं त्याने भागतं, दमेकरी बाईचं नाही. "आमच्या जातीचा कुत्रा केस गाळत नाही" हेही ऐकशील. केस कमी गळतील, पण लाळ आणि कोंडा असतोच.

आता विचारायचं कसं. "घरात पाळीव प्राणी आहे का?" एवढंच विचारलंस तर खोटं न बोलताही लोक नाही म्हणतात. मांजर मुलीचं असतं, ती शनिवार-रविवारी घेऊन येते. कुत्रा गावच्या घरी असतो, मे महिन्यात इथे आणतात. मी असं विचारायचे: "ताई, मला दमा आहे. घरात कुत्रा, मांजर, पोपट, लव्हबर्ड असं काही आहे का? कधी येऊन राहतं का? गेल्या वर्षभरात होतं का? असलं तर मला नाही जमणार, दुसरी चांगली बाई देते." शेवटचं वाक्य विसरू नकोस. त्याने अट घातल्यासारखं वाटत नाही, आणि तू बाई दिलीस की पुढच्या वेळी तीच मालकीण तुझं नाव दुसरीकडे सांगते.

दारात उभी असशील तेव्हा नजर खाली ठेव. दाराच्या फळीवर खालच्या बाजूला नखांचे ओरखडे, चपलांच्या स्टँडला लटकलेला पट्टा, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात जमिनीवर स्टीलचं पाण्याचं भांडं, सोफ्यावर अंथरलेली जुनी चादर, दाराशी कपड्यांवरचे केस काढायचा चिकट रोलर. यातल्या दोन गोष्टी दिसल्या तर पुन्हा विचार. बाल्कनीच्या जाळीवरून काही ठरवू नकोस, कबुतरांमुळे ती मुंबईत घरोघर असते.

कबुतरांचं आलंच आहे तर तेही सांगते, कारण तू फक्त कुत्रा-मांजर लिहिलं आहेस. कबुतराची विष्ठा आणि पिसांची धूळ छातीला फार वाईट, त्याने फुप्फुसाला सूज येऊन कायमची इजा होऊ शकते. 2025 मध्ये दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला, त्यावरून केवढा गदारोळ झाला ते तू बघितलंच असशील. वाळलेली विष्ठा खरवडून काढायचं काम कोणी सांगितलं तर स्वच्छ नाही म्हण. प्राणी नसलेल्या घरातही एसीच्या मागे, डक्टमध्ये हे काम निघतं आणि "जरा तेवढं करून टाक" म्हणून माथी मारलं जातं.

कामं शोधताना "प्राणी नसलेली बिल्डिंग" हुडकू नकोस. प्राणी पाळायला सोसायटी बंदी घालू शकत नाही असं भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने 2015 मध्ये स्पष्ट केलं आहे, त्यामुळे आज प्राणी नसलेल्या बिल्डिंगमध्ये उद्या येऊ शकतो. उलट एकच मोठी बिल्डिंग किंवा शेजारच्या दोन विंग धर आणि तिथलं घर न् घर माहीत करून घे. कुठल्या घरचा कुत्रा सकाळी सहाला खाली उतरतो हे वॉचमनला पाठ असतं. कचरा उचलणाऱ्याला तर त्याहून जास्त माहीत, कारण मांजराची वाळू त्याच्याच डब्यात पडते. गेटच्या ॲपवर तुझी एंट्री झालेली असली, कार्ड असलं, तर त्याच बिल्डिंगमधलं दुसरं घर लागायला वेळ लागत नाही.

आणि मुख्य गोष्ट, जिच्यावर माझी अकरा वर्षं निघाली: घरांची अदलाबदल. तुझ्याबरोबर जिना उतरणाऱ्या बायकांत एक तरी अशी असते जिला कुत्र्यांचा लळा असतो. माझ्याबरोबर एक होती. माझ्या कुत्र्याच्या घरी ती गेली, तिचं म्हाताऱ्या आजी-आजोबांचं घर मला मिळालं. दोन्ही मालकिणींना आम्ही दोघींनी मिळून जाऊन सांगितलं, पहिले तीन दिवस एकमेकींना काम दाखवलं, पगाराच्या तारखेलाच बदल केला म्हणजे हिशोबाचा घोळ नको. कोणाचा एक दिवस बुडाला नाही. बदलीवर जातानाही तसंच. मैत्रीण गावाला गेली म्हणून तिची घरं चार दिवस करायची झाली तर आधी तिला विचार, कुठल्या घरात काय आहे. बदलीच्या घरीच माणूस गाफील सापडतो.

धरलेल्या घरात नंतर पिल्लू आलं तर? तुझं तेच झालं. पिल्लू आणायच्या गोष्टी घरात महिना-दोन महिने आधीपासून चालतात, मुलं हट्ट धरून असतात, आपल्या कानावर पडतं. तेव्हाच बोल: "ताई, आणा, पण मग मला सोडावं लागेल, मी पंधरा दिवसांत बाई बघून देते." राग धरून नको, भांडून तर अजिबात नको. त्यांच्या घरात काय असावं हा त्यांचा हक्क आहे, तुझा श्वास हा तुझा. काम सोडताना खाडे वजा करून झालेल्या दिवसांचा पगार त्याच दिवशी माग, "पुढच्या महिन्यात ये" ऐकून परत येऊ नकोस.

दहा-पंधरा मिनिटांत बाई पाठवणारी ॲप आता निघाली आहेत. पैसे बरे वाटतील, पण दार उघडेपर्यंत घर कसं आहे ते तुला कळत नाही. प्राणी दिसला म्हणून काम नाकारलं तर पैसे कापतात का, हे नाव नोंदवायच्या आधी विचारून घे.

घरं सोडून दुसरीकडे बघायला तयार असशील तर दवाखाने, डेंटिस्ट, क्लासेस, बँका, ऑफिसं बघ. तिथे प्राण्यांचा प्रश्न जवळजवळ येत नाही. कॉन्ट्रॅक्टरकडे लागलीस आणि तिथे दहा किंवा जास्त माणसं असली तर पहिलं विचार, ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, भरता का? महिना 21,000 रुपयांपर्यंत पगार असेल तर तुझ्या पगारातून पाऊण टक्का कापतात, मालक सव्वातीन टक्के भरतो, आणि दम्याची औषधं, पंप, तपासण्या ईएसआयच्या दवाखान्यात मिळतात. मुलुंडला त्यांचं हॉस्पिटल आहे, तुला भांडुपहून जवळच. तोटाही सांगते: आठ-नऊ तासांची बांधलेली ड्युटी, शाळेतून मुलांना आणायला मधे सुटता येत नाही, आणि फिनेल-ॲसिडशी रोजचा संबंध. ब्लीचिंग पावडर आणि संडासाचं ॲसिड कधी एकत्र टाकू नकोस, त्यातून क्लोरीन वायू निघतो. माझ्याकडच्या एका मुलीने घाईत टाकलं, धडधाकट पोरगी, तिला उचलून बाहेर आणावं लागलं.

तुझी जी दोन घरं उरली आहेत त्यांना आजच सांग, की सकाळचे दोन तास रिकामे झालेत आणि दम्यामुळे कुत्रा-मांजराचं घर चालत नाही. माझी निम्मी घरं मला मालकिणींच्या तोंडूनच मिळाली.

सरकारी हॉस्पिटलमध्ये एकदा नीट तपासून घे आणि डॉक्टरांनी रोजचा पंप दिला तर तो सांगतील तसा रोज घे, दम लागल्यावरच नको. ॲलर्जीच्या काही गोळ्यांनी झोप येते, त्या घेऊन पंखे पुसायला स्टुलावर चढू नकोस. आणि पंप पर्समध्ये ठेवून पर्स दाराच्या खुंटीला लावायची सवय असेल तर मोड. मी कंबरेला कापडी पिशवी शिवून घेतली होती, मोबाइलएवढी. त्या दिवशी जिन्यात माझा पंप आत खुंटीवर होता, मॅडमला तो सापडायला पाच मिनिटं लागली.