'लपाछपी' की 'छोरी': आमच्या भागातल्या प्रेक्षकांचे मत कशावर ठरले

आपल्या प्रश्नाचा सारांश असा, की गावच्या शारदा मंडळाला नवरात्रात एक भयपट दाखवायचा आहे आणि मराठी 'लपाछपी' घ्यावा की त्याचाच हिंदी रिमेक 'छोरी' घ्यावा यावरून मंडळात दोन तट पडले आहेत. शहरात शिकणारी मुले म्हणतात की मूळ चित्रपट कमी पैशांत केलेला अस्सल आहे आणि रिमेक म्हणजे नुसता पैशाचा खेळ. गावातल्या बऱ्याच बायकांना मात्र हिंदीच अधिक भावला. मग यातले कोणते मत खरे मानावे, असे आपण विचारले आहे. पूर्व विदर्भातल्या ब्रह्मपुरी, नागभीड, लाखांदूर या पट्ट्यात या दोन चित्रपटांविषयी जे बोलणे माझ्या कानावर पडत आले आहे, त्यावरून सविस्तर लिहितो. शेवट फोडणार नाही, पण कथेतला एखादा धागा सांगितल्याशिवाय गत्यंतर नाही.

आधी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. "आपल्या मराठी चित्रपटाची हिंदीवाल्यांनी वाट लावली" हे वाक्य चर्चेत हमखास येते, आणि ते वस्तुस्थितीला धरून नाही. 'लपाछपी' विशाल फुरिया यांनी दिग्दर्शित केला आणि तो १४ जुलै २०१७ रोजी चित्रपटगृहांत आला. 'छोरी'सुद्धा त्यांनीच दिग्दर्शित केला आणि तो २६ नोव्हेंबर २०२१ रोजी थेट प्राइम व्हिडिओवर आला. पुढे २०२५ च्या एप्रिलमध्ये आलेला 'छोरी २' हाही त्यांचाच. म्हणजे स्वतःचीच गोष्ट अधिक साधने हाताशी आल्यावर दिग्दर्शकाने पुन्हा सांगितली आहे. दोन्हींत गर्भवती स्त्री नवऱ्यासोबत शहर सोडून दूर एका खेड्यात आश्रयाला येते, दोन्हींत उसाच्या फडांनी वेढलेले घर आहे, लपंडाव खेळणारी मुले आहेत आणि घर ताब्यात ठेवणारी एक वयस्क बाई आहे. तेव्हा जे बदलले ते नेमके काय, एवढाच प्रश्न उरतो.

या तारखांकडे शेतकऱ्याच्या नजरेने पाहिले, की आमच्याकडच्या मतांमधली अर्धी गुंतागुंत उलगडते. जुलैचा मध्य म्हणजे धानाच्या रोवणीचे दिवस; चिखलातून वर आलेला माणूस तालुक्याला जाऊन रात्रीचा खेळ पाहील, ही अपेक्षाच चुकीची. त्यातच चित्रपट वितरणाच्या हिशेबात विदर्भ मुंबईच्या सर्किटमध्ये, म्हणजे वितरण विभागात, मोडत नाही, तो जुन्या मध्य प्रांत-वऱ्हाडाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सी.पी. बेरार सर्किटमध्ये मोडतो, आणि येथे हिंदीचा वरचष्मा जुना आहे. मोठ्या नावांचा आधार नसलेला छोटा मराठी चित्रपट आमच्या तालुक्याच्या पडद्यापर्यंत पोहोचणे कठीणच असते, आणि पोहोचला तरी तो टिकत नाही. उलट नोव्हेंबरअखेर धान कापून झालेला असतो, मळणी सुरू असते, हाती थोडा पैसा येऊ घातलेला असतो आणि मोबाइलवर चित्रपट पाहण्याची सवय तोवर घरोघर लागलेली होती. त्यामुळे आमच्या गावांत बहुतेकांनी रिमेक आधी पाहिला आणि मूळ चित्रपट नंतर, तोही कोणीतरी सांगितले म्हणून. ज्याने 'छोरी' आधी पाहिला त्याच्या दृष्टीने 'लपाछपी' हीच नक्कल ठरते, आणि त्याला ती थोडी फिकी वाटली तर त्यात त्याची अभिरुची कमी आहे असे म्हणण्याचे कारण नाही. भयपटात पहिल्यांदा बसलेला धक्का दुसऱ्यांदा बसत नाही, मग तो कोणत्याही भाषेतला असो.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. आपल्या मंडळातली मुले मूळ चित्रपटाला "आपला" म्हणतात आणि रिमेकला परका. हे पुण्या-कोल्हापूरकडच्या प्रेक्षकाने म्हटले तर पटण्यासारखे आहे. आपल्यासाठी मात्र दोन्हींतला ऊस परकाच आहे. वैनगंगेच्या काठाने थोडाफार ऊस होतो हे खरे, पण माणूस आत शिरला की बाहेर पडण्याची दिशाच हरवावी असे मैलोन् मैल पसरलेले फड आपण पाहिलेले नाहीत. आपल्या बांध्या, म्हणजे धानाची शेते, धान निघाल्यावर उघड्या पडतात, पार पलीकडच्या टोलीपर्यंत, म्हणजे वस्तीपर्यंत, नजर जाते. आडोसा म्हणून काय ती धुऱ्यावरची, म्हणजे बांधावरची, तूर. वऱ्हाडाकडे पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, कमरेइतकी, फार तर छातीइतकी. शिवाय ताडोब्याच्या आजूबाजूच्या गावांत पिकात काही हलले, तर पहिली शंका वाघाची येते, भुताची नंतर. आणि ही शंका पडद्यावरून आलेली नाही, ती मोह वेचायला पहाटे निघणाऱ्या बायांच्या अनुभवातून आली आहे. म्हणून उसातून पळणारी मुले पाहून पश्चिम महाराष्ट्रातल्या प्रेक्षकाला जी ओळखीची भीती वाटते, ती आपल्याला कोणत्याच चित्रपटात वाटत नाही. याचा एक फायदाही आहे. या वादात आपला प्रेक्षक बराचसा तटस्थ आहे, आणि त्याच्या मतांतून रिमेकमध्ये खरोखर काय कमावले व काय गमावले ते अधिक स्वच्छ दिसते.

परदेशी उदाहरण घेतले तर हा मुद्दा आणखी स्पष्ट होतो. जपानी भयपट 'रिंग' (१९९८) चा २००२ मध्ये अमेरिकेत रिमेक झाला, तेव्हा गोष्ट उचलून सिएटलला नेली गेली. उलट 'जू-ऑन' या दुसऱ्या जपानी भयपटाचे दिग्दर्शक ताकाशी शिमिझू यांनी २००४ मध्ये स्वतःच इंग्रजी 'द ग्रज' केला, तेव्हा पात्रे अमेरिकन घेतली, पण घर टोकियोतलेच ठेवले. फुरिया यांनी मधला मार्ग घेतला आहे: ऊस आणि घर तेच ठेवले, पण गाव मात्र हिंदी पट्ट्यात नेऊन वसवले. त्यामुळे दृश्य जवळपास तेच राहून त्यातली बोली बदलली, आणि माझ्या मते सगळा फरक तेथेच पडला आहे.

'लपाछपी'मध्ये उषा नाईक यांची तुळसाबाई ज्या घरगुती मायेने बोलते, त्या मायेचीच भीती वाटू लागते. गर्भारपणात काय खावे, कसे बसावे, बाहेर केव्हा पडू नये, हे सांगणारी अशी बाई प्रत्येकाच्या नात्यात असते, आणि तिचा शब्द मोडायचा नसतो. 'छोरी'मध्ये मीता वशिष्ठ यांनी भान्नो देवी उभी केली आहे. त्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाच्या तालमीत तयार झालेल्या अभिनेत्री आहेत आणि त्यांचे काम मला उत्तम वाटले, पण त्यांच्या आवाजातला अधिकार पहिल्या भेटीपासूनच जाणवतो आणि प्रेक्षक लगेच सावध होतो. ही तुलना मी माझ्या मनाने करत नाही. आमच्याकडे झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या या धानपट्ट्याच्या, नाटकांवर पोसलेला प्रेक्षक ती आपसूकच करतो. दिवाळीनंतर वडसा-देसाईगंजच्या मंडळ्या गावोगाव रात्रभर नाटके करू लागल्या, की एकच नाटक यंदा एका मंडळीचे आणि पुढल्या साली दुसरीचे पाहणे हे येथे नित्याचे आहे, त्यामुळे तीच भूमिका दुसऱ्या नटाने कशी केली यावर चहाच्या टपरीवर तास तास बोलण्याचा सराव लोकांना आहे. असा प्रेक्षक रिमेक या कल्पनेने दचकत नाही. पडदा फाटका आहे की नवा, याचेही त्याला फारसे सुतक नसते. 'लपाछपी' स्वस्तातला दिसतो, ही तक्रार मी शहरातल्या तरुणांकडूनच ऐकली. रात्रभर मंडपात थंडीत बसून नाटक पाहणाऱ्या माणसाकडून एकदाही ऐकली नाही. त्याची तक्रार निराळी होती आणि ती 'छोरी'बद्दल होती: "भूत कमी अन् भाषण जास्त."

या तक्रारीत तथ्य आहे, पण ती अपुरी आहे. रिमेकमध्ये स्त्रीभ्रूणहत्येचा विषय उघडपणे, शब्दांत मांडला जातो. मूळ चित्रपटातही विषय तोच असला तरी तेथे बराच भाग प्रेक्षकाने जुळवून घ्यायचा आहे. आमच्या शेजारी दहा-बारा बायका एका ओसरीवर टीव्हीसमोर बसून 'छोरी' पाहत होत्या तेव्हा मीही मागे बसलो होतो. पुरुष ज्या संवादांना भाषण म्हणतात, नेमक्या त्याच ठिकाणी त्या बोलणे थांबवून ऐकत होत्या, आणि भुताच्या प्रसंगांना मात्र हसून एकमेकींना कोपराने ढोसत होत्या. नंतर त्यांच्यात जी चर्चा झाली ती सासरी पहिल्या मुलीनंतर काय ऐकावे लागते यावर झाली. चित्रपटाचे नावही त्यात फारसे आले नाही. हा परिणाम मूळ चित्रपटाने साधला असता की नाही, याबद्दल मला शंका आहे. पैसे जास्त लागले म्हणून रिमेक उथळ झाला असे सरसकट म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात घ्यावी.

तरीही "ही आमच्याकडची गोष्ट नव्हे" असे म्हणणारी माणसे पूर्व विदर्भात भेटतात, आणि त्यांच्याजवळ आधार आहे. २०११ च्या जनगणनेनुसार शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे मुलींची संख्या हरियाणात ८३४ आणि महाराष्ट्रात ८९४ होती. राज्यातल्याच बीड जिल्ह्यात ती ८०७ पर्यंत घसरली होती. गडचिरोली जिल्ह्यात मात्र ती साडेनऊशेच्या वर होती. तेव्हा बीडकडचा प्रेक्षक ज्या अस्वस्थतेने हा विषय पाहील, त्या अस्वस्थतेने गडचिरोलीचा पाहणार नाही, हे मान्य करावे लागते. पण पश्चिम विदर्भात, विशेषतः बुलढाण्याकडे, आकडे इतके सुखाचे नाहीत, आणि सोनोग्राफीचे यंत्र जिल्ह्याची हद्द पाहून चालत नाही.

आपल्या भागाला खऱ्या अर्थाने भिडणारा धागा वेगळाच आहे, आणि त्याची चर्चा जवळजवळ कोणी करत नाही याचे मला आश्चर्य वाटते. 'छोरी'मध्ये घरातली वयस्क बाई एका मृत स्त्रीची गोष्ट चेटकिणीची गोष्ट म्हणून सांगते, आणि पुढे ती गोष्ट तशी नसल्याचे कळते. याहून अधिक सांगत नाही. हा चित्रपट आला त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये चंद्रपूर जिल्ह्याच्या जिवती तालुक्यात भानामतीच्या संशयावरून वृद्धांना आणि बायांना भर चौकात बांधून मारहाण झाली होती. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ पासून लागू असूनही हे घडले. भयपट दाखवल्याने अंधश्रद्धा वाढते असा आक्षेप आपल्या मंडळातही कोणी घेईल, आणि भानामतीच्या नावाने डोकी फुटतात त्या मुलखात तो आक्षेप हसण्यावारी नेऊ नये. मात्र या कथेत चेटकीण ठरवणाऱ्यांकडेच बोट दाखवलेले आहे. दाखवण्यापूर्वी कोणीतरी दोन मिनिटे उभे राहून एवढे सांगितले, तर आक्षेप घेणाऱ्यांचेही समाधान होईल. हा धागा रिमेकमध्ये सरळ समजतो, हे त्याच्या बाजूने आणखी एक कारण.

मोबाइलवर पाहून बनवलेल्या मतांविषयी थोडे लिहितो, कारण "रिमेक घाबरवत नाही" म्हणणारी बरीचशी मते तेथून आलेली आहेत. आमच्याकडचे पोट्टे जागलीला, म्हणजे रात्री पीक राखायला, जातात तेव्हा मचाणावर बसून चित्रपट पाहतात. एका कानात इअरफोन असतो, दुसरा कान रानडुकरांसाठी मोकळा ठेवावा लागतो, बॅटरी टिकावी म्हणून उजेड कमी केलेला असतो, आणि मधूनच उठून डबा वाजवावा लागतो. 'छोरी'ची बरीचशी भीती आवाजात आणि काळोखातल्या हालचालीत आहे. अशा परिस्थितीत तिच्यातले निम्मे वाया जाते. त्या मुलांचे म्हणणे खोटे नाही, पण त्यांनी चित्रपट अर्धाच ऐकला आहे. आणि ज्याला हातात टॉर्च घेऊन खरोखरच्या काळोखात पाच एकराचा फेरा मारायचा आहे, त्याला हातातल्या पडद्यावरचा काळोख भिववू शकत नाही, यात नवल ते काय.

माझा कौल विचाराल तर भयपट म्हणून 'लपाछपी' वरचढ आहे, आणि त्याचे श्रेय मी मुख्यतः तुळसाबाईच्या बोलण्याला देतो. गावात बसून सर्वांनी मिळून पाहण्यासाठी मात्र 'छोरी' अधिक योग्य आहे. दोन्ही दाखवायचे झाले तर 'लपाछपी' आधी दाखवावा, म्हणजे किमान पहिला धक्का मूळ चित्रपटाच्या वाट्याला येईल. शारदेच्या मंडपात पुढच्या सतरंजीवर लहान मुले बसतात, आणि दोन्ही चित्रपटांत तान्ह्या मुलींच्या बाबतीतले प्रसंग त्यांना सोसण्यासारखे नाहीत. खेळ जेवणे आटोपल्यावर उशिरा ठेवावा आणि मुलांना घरी पाठवावे. गर्भवती स्त्रियांनाही विषय आधीच सांगून ठेवावा, मग बसायचे की नाही ते त्यांचे त्या ठरवतील.

एक व्यावहारिक बाब राहिली. प्राइमची वर्गणी घरगुती पाहण्यासाठी असते. कोणाच्या तरी खात्यावरून प्रोजेक्टर लावून मंडपात खेळ करणे त्या वर्गणीत बसत नाही, प्रवेश विनामूल्य ठेवला तरीही नाही. सार्वजनिक खेळासाठी हक्कधारकांची परवानगी लागते. तेव्हा मंडळाच्या लेटरहेडवर निर्मात्यांकडे आताच पत्र पाठवावे, आणि ज्या चित्रपटाची परवानगी लेखी हाती येईल त्याचेच नाव पत्रिकेत छापावे.