भाच्याचे डॉलर आणि संस्थेचं खातं

प्रश्न : आमची तालुक्यातली छोटी संस्था आहे, मुलींच्या शिक्षणाचं काम करतो. पुण्याची एक मोठी संस्था दरवर्षी थोडा निधी द्यायची, तो 2020 नंतर बंद झाला, कायदा बदलला म्हणे. आता अमेरिकेतला भाचा म्हणतोय मी पाठवतो पैसे. घेऊ का? आणि सरकारने परदेशी पैशाचा हिशोब मागितला तर लगेच लोकशाही धोक्यात कशी काय येते?

उत्तर : आधी भाच्याला पासपोर्ट कुठला आहे ते विचारा, सगळं तिथेच अडतं. पासपोर्ट भारतीय असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पैसे पाठवत असेल तर ती परदेशी देणगी धरत नाहीत, पासपोर्टची झेरॉक्स तेवढी फायलीला लावून ठेवा. पण अमेरिकेचा नागरिक झाला असेल तर ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळतं ते) असो नाहीतर दर गणपतीला गावी येत असो, एफसीआरएच्या, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याच्या लेखी तो परदेशीच, अगदी रुपयात दिले तरी. मग एफसीआरएची नोंदणी किंवा गृहमंत्रालयाची पूर्वपरवानगी नसताना त्याच्याकडून एक रुपयाही घेऊ नका. नोंदणीला साधारण तीन वर्षं जुनी संस्था आणि त्या तीन वर्षांत प्रत्यक्ष कामावर किमान 15 लाख खर्च लागतो, तुमच्याकडे तेवढा नसावा असं वाटतं.

पुण्याच्या निधीचं म्हणाल तर याच कायद्याच्या 2020 च्या दुरुस्तीने परदेशी निधी दुसऱ्या संस्थेला द्यायलाच बंदी आली, दोघांकडे नोंदणी असली तरी. आधी कसं होतं, मोठी संस्था इंग्रजीत प्रपोजल लिहायची आणि गावात राबायचं काम तुमच्यासारखे करायचे, ती साखळीच तुटली. वर प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 वर आणली, आणि परदेशी पैसा आधी दिल्लीत संसद मार्गावरच्या स्टेट बँकेतच यायला हवा, मग संस्था गडचिरोलीत का असेना.

आता लोकशाहीचं. हिशोब मागण्यात काहीच वावगं नाही, आपण तरी धर्मादाय आयुक्तांकडे ऑडिट देतोच की, आणि नुसत्या कागदावरच्या संस्था आपण सगळ्यांनीच पाहिल्यात. सुप्रीम कोर्टानेही 2022 मध्ये ही दुरुस्ती वैध ठरवली. पण हा कायदा मुळात 1976 चा, आणीबाणीतला, 2010 मध्ये नव्याने केला तेव्हापासून दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण आलं, आणि ते करायचं की नाही हे गृहमंत्रालय ठरवणार. 2021 च्या नाताळला मदर तेरेसांच्या मिशनरीज ऑफ चॅरिटीचं नूतनीकरण नाकारलं आणि जानेवारीत परत दिलं, पण एवढ्या मोठ्या संस्थेची ही गत तर तुमच्याआमच्यासारख्यांना विचारतो कोण?

उलट पक्षांचं बघा. 2014 मध्ये दिल्ली हायकोर्टाने सांगितलं की भाजप आणि काँग्रेस दोघांनी घेतलेल्या देणग्यांनी सकृतदर्शनी या कायद्याचा भंग होतो, तर 2016 ला वित्त विधेयकातून परदेशी देणगीदार कोणाला म्हणायचं याची व्याख्याच बदलली आणि 2018 मध्ये ती सूट थेट 1976 पासून लागू केली, म्हणजे निवडणूक लढवणाऱ्याला मागच्या तारखेने माफी आणि शाळा चालवणाऱ्याने मात्र आधार कार्ड घेऊन रांगेत उभं राहायचं, हा काय न्याय झाला?

एफसीआरएच्या नियमांत 'बंद', 'रास्ता रोको', 'जेल भरो' करणाऱ्या संस्था राजकीय स्वरूपाच्या ठरवता येतील असं चक्क लिहिलेलं आहे. सुप्रीम कोर्टाने 2020 च्या मार्चमध्ये म्हटलं की सक्रिय राजकारणाशी संबंध नसेल तर एवढ्यावरून निधी रोखता येणार नाही. पण निकाल वाचतं कोण, भीती आधी पोचते. मी एका संस्थेच्या कार्यकारिणीवर आहे, मागच्या वार्षिक अहवालात 'पाण्यासाठी तहसीलवर मोर्चा' असं एक वाक्य होतं, महिलांनी खरंच हंडे घेऊन काढला होता तो, तर नूतनीकरण तोंडावर आलंय म्हणून आमच्या खजिनदारांनी पेन घेतलं आणि तिथे 'जलजागृती फेरी' केलं. आम्ही सगळ्यांनी सह्या केल्या. मीसुद्धा.