रॉक संगीतातली उपासना : जावे की न जावे?

प्रश्न : माझे वय 63 आहे. ऑर्गनच्या साथीने गायली जाणारी पारंपरिक गीतेच मी आजवर चर्चच्या उपासनेत गात आले. आता माझा मुलगा मला अशा एका उपासनेला चल म्हणतो आहे, जिथे सगळी गीते यूटू या रॉक बँडची असतील आणि त्यातच प्रभुभोजनाचा, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा, विधीही होईल. अशा मैफिलीला उपासना म्हणावे का? आणि गेले, तर प्रभुभोजन घ्यावे का?

उत्तर : आपण अवश्य जावे, हे मी आधीच सांगतो. आपल्याला पडलेला प्रश्न पहिल्यांदा जाताना मलाही पडला होता, आणि चर्चच्या इतिहासात तो फार जुना आहे. शस्त्रधारी माणसाविषयीच्या ‘लोम आर्मे’ या लौकिक गाण्याची चाल घेऊन पंधराव्या-सोळाव्या शतकांत जोस्कँ, पालेस्त्रिना यांच्यासह अनेक संगीतकारांनी मिस्सा, म्हणजे प्रभुभोजनाच्या उपासनेसाठीच्या संगीतरचना, रचल्या. त्याहून जवळचे उदाहरण आपल्याच तोंडी असेल : काट्यांच्या मुकुटाने रक्तबंबाळ झालेल्या मस्तकाविषयीचे जे गीत दुःखसहनाच्या सप्ताहात गायले जाते, त्याची चाल मुळात जर्मन संगीतकार हान्स लिओ हास्लर यांच्या 1601 मधील प्रेमगीताची आहे, आणि संगीतकार बाख यांनी तीच ख्रिस्ताच्या दुःखसहनावरील ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ या रचनेमध्ये पुन्हा पुन्हा योजली. आज ती ऐकताना कोणाच्याही मनात प्रेमगीत येत नाही.

यूटूच्या गीतांची ही उपासना ‘यूटूकरिस्ट’ (यूटू आणि ‘युकॅरिस्ट’, म्हणजे प्रभुभोजन, यांचा जोडशब्द) या नावाने ओळखली जाते. अमेरिकेतील मेन राज्यात यॉर्क हार्बर येथील एपिस्कोपल (अँग्लिकन परंपरेतील) चर्चमध्ये ती 2005 मध्ये झाली, 2007 मध्ये इंग्लंडमधील लिंकनच्या सेंट स्विदिन चर्चमध्येही झाली. गरिबी आणि रोगराई कमी करण्यासाठी संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेल्या सहस्रक विकास उद्दिष्टांशी तिचा संबंध होता, आणि जमलेले अर्पण त्या कामाला दिले जाई. बँडची निवडही उगाच झालेली नाही. त्यांच्या 1983 च्या ‘वॉर’ या अल्बममधील शेवटचे गीत बायबलमधील चाळिसाव्या स्तोत्रावर आधारलेले आहे : धीर धरून परमेश्वराची वाट पाहिली आणि त्याने चिखलातून वर काढले, हा त्याचा आशय.

आपल्या शंकेतला ‘मैफल’ हा शब्द मात्र मला मोलाचा वाटतो, कारण धोका खरोखर तिथेच आहे. वाद्यमेळ इतका दणदणीत असू शकतो की शेजारच्याचाच काय, स्वतःचाही आवाज ऐकू येत नाही. आणि मग मंडळी गाणे सोडून नुसती पाहू लागतात. (ऑर्गन आणि तरबेज गायकवृंद यांच्यामुळेही हे घडते, हे आपण मान्य कराल.) मी ज्या उपासनेला गेलो होतो, तिथे पहिल्या दोन गीतांत असेच झाले आणि मी मनातून खट्टू झालो. शेवटी तेच स्तोत्राचे गीत आले. ध्रुवपद तिसऱ्यांदा सुरू झाले तेव्हा गायिका ध्वनिक्षेपकापासून दोन पावले मागे सरली, गिटार थांबली, ड्रम वाजवणाऱ्या मुलाने काठ्या मांडीवर ठेवल्या, आणि उरला तो फक्त जमलेल्यांचा आवाज, थोडा बेसूर, पण सगळ्यांचा. माझ्यापुढच्या बाकावरचे एक वृद्ध गृहस्थ पडद्यावरचे शब्द न पाहता गात होते. स्तोत्र त्यांना पाठ होते, चाल त्यांनी तिथेच उचलली होती. त्या क्षणी ही उपासना आहे की नाही, हा प्रश्न मला विचारावासा वाटला नाही.

म्हणून आपणही तिथे एवढेच पाहावे की लोक गात आहेत का, आणि शास्त्रवाचन, पापांगीकार, प्रवचन व मध्यस्थीच्या (इतरांसाठी केलेल्या) प्रार्थना यांना पुरेसा वेळ आणि शांतता मिळते आहे का. ध्वनिवर्धकांपासून दूर, मागच्या बाजूला बसावे.

प्रभुभोजनाचा निर्णय संगीतावरून करू नये. ते साजरे करणारे चर्च कोणते, यावर तो अवलंबून आहे : अँग्लिकन चर्चमध्ये सहसा इतर मंडळ्यांतील बाप्तिस्मा घेतलेल्यांचेही स्वागत असते, कॅथलिक चर्चमध्ये सर्वसाधारणपणे तसे नसते. आरंभ होण्याआधी पाळकांना विचारून घ्यावे. मनाची तयारी नसेल, तर जागेवरच बसून प्रार्थना करावी किंवा पुढे जाऊन दोन्ही हात छातीवर आडवे ठेवून केवळ आशीर्वाद घ्यावा. तसे केल्यास कोणी वावगे मानत नाही.