हसू कुठे थांबलं ते लिहून ठेव

प्रिय मित्रा,

तुझा लेख परवा रात्री वाचला आणि काल सकाळी चहाबरोबर पुन्हा वाचला. ‘कॅलिफोर्निकेशन’ची सातही पर्वं तू नऊ दिवसांत संपवलीस हे वाचून आधी तुझ्या झोपेची काळजी वाटली. लेखात दम आहे. तो नसता तर मी दोन ओळींत ‘छान आहे, लिहीत राहा’ असं कळवून मोकळी झाले असते. आता जरा बैस, कारण पत्र लांबणार आहे.

तुझं पहिलंच वाक्य आहे, ‘समीक्षकांकडून या मालिकेला संमिश्र प्रतिसाद मिळाला.’ हे खोड. मसाल्याच्या डब्यात सगळे मसाले एकत्र कालवले की जे उरतं, तसं हे वाक्य आहे. कोणत्या समीक्षकांकडून? कोणत्या वर्षी? किती भाग बघून? मालिका १३ ऑगस्ट २००७ ला अमेरिकेत ‘शोटाइम’वर सुरू झाली आणि २९ जून २०१४ ला संपली. पर्वाला बारा याप्रमाणे चौऱ्याऐंशी भाग. तिकडे प्रसारणाआधी समीक्षकांच्या हाती पहिले काही भाग पडतात आणि त्यावर परीक्षण येतं. म्हणजे २००७ च्या ऑगस्टमध्ये ज्यांनी लिहिलं, त्यांना सातव्या पर्वातला हँक मूडी ठाऊकच नव्हता. त्यांच्यासमोर एवढंच होतं: न्यूयॉर्कचा एक कादंबरीकार लॉस एंजेलिसला येऊन पडलाय, त्याच्या काळ्याकुट्ट कादंबरीचा हॉलिवूडने गोडमिट्ट प्रेमपट केलाय, त्याची बाई, कॅरन, सोडून गेलीय, लिहिणं आटलंय आणि उरलेला वेळ तो दारू आणि बायकांत घालवतोय. पोटासाठी एका मासिकाचा ब्लॉग लिहितो, तोही कुरकुरत. (त्याच्या कादंबऱ्यांची नावं ‘स्लेअर’ या मेटल बँडच्या अल्बमांवरून घेतली आहेत. हा विनोद तुझ्या लेखात कुठेच नाही, म्हणून आठवण करून देते.)

त्या पहिल्या परीक्षणांत एक गोष्ट जवळपास सगळीकडे होती, हँकची भूमिका करणाऱ्या डेव्हिड डुकोव्हनीचं कौतुक. मालिका न आवडलेल्यांनीही ते केलं. ‘एक्स फाइल्स’मधला तो गंभीर, कोरड्या चेहऱ्याचा मल्डर एवढा सैल, एवढा हजरजबाबी असू शकतो, या आश्चर्याचा त्यात मोठा वाटा असावा. २००८ च्या जानेवारीत त्याला विनोदी अभिनेत्याचा गोल्डन ग्लोब मिळाला. सोहळा मात्र झालाच नाही, एका पत्रकार परिषदेत नावं वाचून दाखवली गेली, कारण हॉलिवूडचे लेखक संपावर होते. नोव्हेंबर २००७ ते फेब्रुवारी २००८. न लिहिणाऱ्या लेखकाच्या भूमिकेला बक्षीस, तेही खऱ्या लेखकांनी लेखण्या खाली ठेवलेल्या असताना! असं काही हाताशी असताना तू ‘संमिश्र प्रतिसाद’ का लिहितोस?

दुसरं बक्षीस तू गाळलंस, आणि ते जास्त बोलकं आहे. त्याच वर्षी पहिल्या भागाच्या छायाचित्रणासाठी पीटर लेव्हीला टीव्हीचं एमी बक्षीस मिळालं. एकदा आवाज बंद करून तो भाग बघ. व्हेनिसच्या किनाऱ्याचा तो उन्हाचा सोनेरी पट्टा, धुळीने माखलेली, एक दिवा फुटलेली काळी पोर्श. माणूस रसातळाला चाललाय आणि दिसतंय मात्र सुट्टीवर गेल्यासारखं. ही नुसती सजावट नाही, हे मत आहे. संवाद हँकबद्दल काहीही म्हणोत, तो प्रकाश आपल्याला सांगत असतो की हे एवढं वाईट नाही बरं का. टीव्हीवर लिहिणारे आपण सगळे कथा सांगण्यात आणि संवाद उद्धृत करण्यात जागा संपवतो. प्रकाशाला कुणी विचारत नाही.

आता माझी चूक सांगते, म्हणजे तुझ्यावर बोट ठेवायला मी मोकळी.

२००९ मध्ये माझी भाची न्यू जर्सीहून पहिल्या पर्वाची डीव्हीडी घेऊन आली. मी तेव्हा एका रविवार पुरवणीत सदर लिहायचे. सातशे शब्दांत मालिकेची आरती ओवाळली. ‘बिनधास्त’ हा शब्द चार वेळा आला होता, नंतर मोजले. आणि मियाबद्दल एक अक्षर नव्हतं. पहिल्याच भागात हँक एका मुलीबरोबर झोपतो आणि नंतर कळतं की ती सोळा वर्षांची आहे, शिवाय कॅरन ज्याच्याशी लग्न करणार आहे त्या बिलचीच मुलगी. मालिका हे चावट विनोदासारखं उलगडते: बघा, कसा अडकला! मी हसले. पुढे ती मुलगी त्याचं हस्तलिखित पळवते, स्वतःच्या नावावर छापते, मग तर मला तिचाच राग आला. म्हणजे त्या कथेत सोळा वर्षांच्या मुलीवर चिडण्याची सोय माझ्यासाठी करून ठेवली होती आणि मी जाऊन नेमकी तिथे बसले. चौथ्या पर्वात त्याच गोष्टीवरून हँकवर खटला उभा राहिला तेव्हा माझं ते कात्रण काढून वाचलं. पुन्हा वाचायची इच्छा झालेली नाही.

माझं हसणं चुकीचं नव्हतं. हसले आणि पुढे विचारलं नाही, ते चुकलं. तेव्हापासून एक सवय लावून घेतली, तीच तुला देतेय. विनोदी मालिका बघताना शेजारी वही ठेव. कितव्या मिनिटाला हसू आलं, ते लिही. कितव्या मिनिटाला थांबलं, तेही. का, ते लगेच लिहू नकोस, दुसऱ्या दिवशी लिही. आपण हसलो हे कबूल न करता ‘स्त्रीद्वेष्टी मालिका’ असा शिक्का मारणारा लेख आणि हसलो म्हणून सगळं माफ करणारा लेख, दोन्ही मला सारखेच आळशी वाटतात.

तू म्हणशील, दारुड्यावर हसवणं आपल्याला काय नवीन? बरोबर. गडकऱ्यांच्या तळीरामावर १९१९ पासून नाट्यगृहं हसताहेत. आर्य मदिरा मंडळाच्या प्रवेशांना टाळ्या पडतात. पण त्या हशाची किंमत सिंधूच्या घरात मोजली जाते आणि गडकरी तिकडे प्रेक्षकाला हाताला धरून नेतात. ‘एकच प्याला’ भाबडं म्हण, भडक म्हण, पण तो हिशेब त्यांनी बुडवलेला नाही. हँकच्या विनोदांची किंमत कोण मोजतं? बेका. त्याची मुलगी. मॅडलीन मार्टिनने ती अशी केलीय की ती ओरडत नाही, रडत नाही, फक्त बघते. माझ्या वहीत पहिल्या पर्वातलं जवळजवळ प्रत्येक ‘हसू थांबलं’ तिच्या चेहऱ्यापाशी आहे. बाप काय आहे हे तिला माहीत आहे आणि तिला माहीत आहे हे मालिकेलाही माहीत आहे. पहिलं पर्व चांगलं आहे ते एवढ्यासाठी. कॅरन स्वतःच्या लग्नातून निघून हँकच्या गाडीत येऊन बसते, तिथे हे सगळं संपलं असतं तर आज आपण फार वेगळं काही बोलत असतो.

पण अजून सहा पर्वं होती. पुढे काय झालं ते तुझ्या लेखात ‘नंतर दर्जा घसरला’ या तीन शब्दांत आहे. पुनरावृत्तीचा आक्षेप नंतरच्या वर्षांत अनेकांनी घेतला, तो खराच. पण पुनरावृत्ती कशी होते ते दाखव ना. दुसऱ्या पर्वात लू अ‍ॅश्बी हा संगीत निर्माता येतो, पाचव्यात रॅपर सामुराई अपोकॅलिप्स, सहाव्यात रॉकस्टार अ‍ॅटिकस फेच. दर थोड्या काळाने हँकच्या शेजारी त्याच्याहून मोठा रंगेल माणूस आणून बसवायचा, म्हणजे हँक आपोआप सोज्वळ दिसतो. शेजारचा जास्त पितो म्हणून आपला नवरा बरा, हे गणित आपल्या चाळींनी फार आधी सोडवलंय. आणि ही पाहुणे मंडळी जसजशी वाढत गेली तसतशी बेका कोपऱ्यात गेली. माझ्या वहीत पाचव्या पर्वाची पानं जवळपास कोरी आहेत. हसू थांबलेलं नाही, कारण आलंच नाही.

आता काही छोट्या गोष्टी. ऑस्ट्रेलियातल्या वादावर तू दोन परिच्छेद खर्च केलेस. नेटवर्क टेनवर मालिका लागली तेव्हा पहिल्या भागातल्या चर्चमधल्या स्वप्नदृश्यावरून धार्मिक संघटनांनी निषेध केला आणि काही जाहिरातदारांनी अंग काढून घेतलं. ही बातमी आहे, समीक्षा नाही. ‘सखाराम बाइंडर’च्या वेळी आपल्याकडेही सेन्सॉर, कोर्ट, निषेध यांचा इतका धुरळा उडाला की नाटक मुळात सखारामकडे कुठून बघतं हा प्रश्न किती तरी वेळ बाजूलाच राहिला. एक परिच्छेद पुरे. डुकोव्हनीने २००८ मध्ये स्वतःच्या लैंगिक व्यसनावरच्या उपचारांबद्दल जाहीर केलं होतं, तेही काढून टाक. नट आणि पात्र एकमेकांत मिसळून टाकलं की लिहिणाऱ्याला बरं वाटतं, पण पडद्यावरच्या एकाही दृश्याचा अर्थ त्याने लागत नाही.

‘आज ही मालिका बनूच शकली नसती’ हेही काढ. २०१७ च्या ‘मी टू’ चळवळीनंतर प्रत्येक जुन्या मालिकेच्या लेखात हे वाक्य असतं. जणू २००७ मध्ये सगळे झोपले होते! पुरुषांच्या दिवास्वप्नाला साहित्याचं जाकीट चढवलंय, हा आक्षेप पहिल्या पर्वापासूनच घेतला गेला होता. तेव्हा तो बाजूला सारता आला, आज येत नाही, एवढाच फरक. तो का बाजूला सारता आला यावर लिहिलंस तर मी पहिली वाचेन. ते १९९९ ते २००७ ‘सोप्रानोज’ या माफिया-मालिकेचं युग होतं, लगोलग ‘मॅड मेन’ आली. वाईट पुरुष म्हणजे खोल मालिका असं समीकरण रूढ होत होतं. ‘कॅलिफोर्निकेशन’ अर्ध्या तासाची होती, म्हणून विनोदी गटात गेली, पण सवलत तीच मागत होती.

आणि आता ज्यासाठी खरं तर पत्र लिहायला घेतलं ते. तू हँकला सहा वेळा ‘कलंदर’ म्हटलंयस.

हा शब्द जपून वापर रे. इंग्रजीत लिहिणाऱ्यांना हँकचं वागणं माफ करायला बुकोव्स्की या दारुड्या अमेरिकन कवी-कादंबरीकाराची साक्ष काढावी लागते. आपल्याकडे एक शब्द पुरतो. कलंदर, अवलिया, मनस्वी, फकिरी वृत्तीचा. मी मराठीतल्या कवी-लेखकांवरचे मृत्युलेख चाळीस वर्षं वाचतेय. जो पैसे बुडवायचा, घरी यायचा नाही, मैफलीत रात्र रात्र बसायचा, तो कलंदर. कलंदराच्या घरी वाणसामान कोण भरत होतं, मुलांची फी कुणी भरली, हे त्या लेखात नसतं. आणि कधी बाईला कलंदर म्हटलेलं वाचलंयस? तिच्यासाठी दुसरे शब्द आहेत, ते तुला माहीत आहेत. ‘कलंदर’ हे वर्णन वाटतं, पण तो निकाल आहे, आणि निर्दोष सुटकेचा. तू पहिल्या परिच्छेदात तो शब्द लिहिलास तिथेच तुझा लेख संपला, पुढचे दोन हजार शब्द फक्त वकीलपत्र आहे.

तुझ्या लेखात कॅरन आर्किटेक्ट आहे हे कुठेही नाही, हेही त्याच शब्दामुळे. ती फक्त ‘हँकचं हरवलेलं प्रेम’ आहे. नताशा मॅकेलहोनने त्या बाईला थकवा दिलाय, चांगल्या विनोदावर मनाविरुद्ध हसू येतं तेव्हाचा स्वतःचाच राग दिलाय. ती हसते आणि लगेच तिचं हसू थांबतं. ती आपल्या वहीचंच काम करतेय, सात पर्वं!

हँकचा एजंट-मित्र चार्ली आणि त्याची बायको मार्सी यांच्यावर तू लिहिलेला भाग मात्र झकास आहे, त्याला हात लावू नकोस. इव्हान हँडलर आणि पामेला अ‍ॅडलॉन या दोघांनी नंतरची पर्वं खांद्यावर वाहिली हे तुझं म्हणणं मला पूर्ण पटलं.

शेवटच्या भागाला तू ‘हृदयस्पर्शी’ म्हटलंयस. हँक विमानात कॅरनला पत्र वाचून दाखवतो, तो प्रसंग. इतकी वर्षं लिहिण्याशी झगडलेला लेखक अखेर मनातलं काहीतरी लिहितो आणि ते तिच्यासाठी असतं, हे मला समजतं. मीही विरघळले होते. पण तो प्रसंग पुन्हा एकदा बघ आणि या वेळी हँककडे अजिबात बघू नकोस. फक्त कॅरनकडे बघ. मिनिटं लिहून ठेव.

नवा खर्डा पंधराशे शब्दांचा असू दे आणि वहीची पानं फोटो काढून सोबत पाठव. अक्षर कसंही असलं तरी चालेल. दिवाळीत तू पुण्यात येणार असशील तर माझ्या २००९ च्या कात्रणाची फाईल काढून ठेवते. वाचून झालं की चिवडा मिळेल, आधी नाही.

तुझी,
ताई