वाचकांचे प्रश्न : रात्रीचा बॅकअप, सर्टिफिकेट आणि आपोआप चालणारी कामं

प्रश्न : आमचा सुट्या भागांचा कारखाना चाकणला आहे. ईआरपीचा (कारखान्याचा हिशेब आणि साठा सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचा) डेटाबेस पोस्टग्रेस. रात्री दोनचा बॅकअप क्रॉनला (ठरल्या वेळी काम आपोआप चालवणाऱ्या सोयीला) लावलेला आहे आणि फाइल रोज पडते. परवा एक फाइल चाचणीसाठी रीस्टोअर केली, तर शेवटची बरीच टेबलं त्यात नव्हतीच. क्रॉनने कधीच तक्रार केली नव्हती. असं कसं झालं?

उत्तर : तुमच्या स्क्रिप्टमध्ये पीजी-डम्पचं (पोस्टग्रेसची प्रत काढणाऱ्या कमांडचं) आउटपुट बहुधा पाइपने थेट जीझिपमध्ये (फाइल दाबून लहान करणाऱ्या कमांडमध्ये) जात असावं. शेल, म्हणजे कमांड चालवणारा प्रोग्रॅम, अशा जोडकामाचा निकाल फक्त शेवटच्या कमांडवरून ठरवतं. डम्प मध्येच मेला, तरी जीझिप हाती आलेलं तेवढं नीट दाबून ठेवतं आणि 'यशस्वी' म्हणजे शून्य परत करतं. पुढच्या सगळ्यांना वाटतं, काम झालं.

यावर उपाय म्हणजे स्क्रिप्टच्या सुरुवातीला 'पाइपफेल' (साखळीतली कुठलीही कमांड फसली तर सगळं फसलं असं धरणारा) हा पर्याय चालू करणं. त्यासाठी पहिली ओळ बॅश या शेलची हवी; उबुंटूवर साधा 'एसएच' म्हणजे डॅश हा वेगळा शेल असतो आणि तिथे या पर्यायाचा भरवसा धरू नये. बॅकअप आधी तात्पुरत्या नावाने लिहा आणि सगळं नीट पार पडल्यावरच फाइलला खरं नाव द्या, म्हणजे अर्धवट फाइल बॅकअप म्हणून मिरवणार नाही. साध्या एसक्यूएल डम्पच्या अखेरच्या काही ओळींत डम्प पूर्ण झाल्याची टीप असते. ती सापडली नाही तर स्क्रिप्टने चूक जाहीर करून थांबावं.

जुन्या फाइली कशा पुसता, तेही तपासा. '१४ दिवसांहून जुनं ते काढ' हा नियम सर्रास दिसतो आणि तो घातक आहे. बॅकअप पंधरा दिवस बंद पडला, तर हाच नियम शेवटची चांगली प्रतही पुसून टाकतो. त्याऐवजी 'शेवटच्या १४ यशस्वी प्रती ठेव' असा नियम लिहा.

आता मुख्य मुद्दा. बिघाड झाला तर मेल येईल, यावर विसंबू नका. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कोड साठवणाऱ्या सेवेत चुकून मुख्य डेटाबेस पुसला गेला. बॅकअप शोधायला गेले तेव्हा कळलं, की डेटाबेस पोस्टग्रेसच्या ९.६ आवृत्तीचा असताना डम्प ९.२ चा चालत होता आणि दरवेळी फसत होता. क्रॉनचे चूक कळवणारे मेल निघत होते, पण डीमार्कच्या (खोट्या नावाचे मेल अडवणाऱ्या) नियमात न बसल्याने नाकारले जात होते. सुमारे सहा तास आधी हाताने घेतलेला एक स्नॅपशॉट (डिस्कची त्या क्षणाची प्रत) होता म्हणून निभावलं. तरी सुमारे सहा तासांची नोंद गेलीच. ही सगळी हकिगत त्यांनी स्वतःच जाहीर केली, हे त्यांचं मोठेपण.

म्हणून व्यवस्था उलटी लावा. बॅकअप यशस्वी झाला की स्क्रिप्टने दुसऱ्या मशीनवरच्या निरीक्षकाला खूण पाठवायची. पहाटे चारपर्यंत खूण आली नाही, तर निरीक्षकाने फोनवर गजर द्यायचा. सर्व्हरच बंद पडला तरी हा गजर वाजतो, कारण तो बातमी न येण्यावर वाजतो. शिवाय आठवड्यातून एकदा बॅकअप वेगळ्या डेटाबेसमध्ये आपोआप रीस्टोअर करून आदल्या दिवसाची इन्व्हॉइसं मोजायला लावा. आकडा शून्य आला तर तेही गजराचंच कारण.

क्रॉनच्या आणखी तीन खोड्या. हाताने चालणारी स्क्रिप्ट क्रॉनमध्ये चालत नाही, कारण तिथला पाथ (कमांड शोधायच्या फोल्डरांची यादी) तोकडा असतो; कमांडचा पूर्ण पत्ता लिहा. क्रॉनटॅबच्या (क्रॉनची कामं लिहायच्या फाइलच्या) ओळीत टक्क्याचं चिन्ह म्हणजे ओळ संपली, त्यामुळे फाइलच्या नावात तारीख घालताना त्याआधी उलटी तिरकी रेघ द्यावी लागते. आणि सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असेल, तर 'दोन वाजता' म्हणजे आपले सकाळचे साडेसात, ऐन पहिल्या पाळीत.

प्रश्न : वेबसाइटचं सर्टिफिकेट (साइट खरी असल्याचा ब्राउझरला दिलेला पुरावा) वर्षातून एकदा हाताने बदलतो. एवढ्यासाठी ऑटोमेशन कशाला?

उत्तर : कारण वर्षातून एकदा हे फार काळ चालणार नाही. सार्वजनिक सर्टिफिकेटची कमाल मुदत ३९८ दिवस होती. ती १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० आणि १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवस, असं ठरलं आहे. त्यानंतर दर महिन्या-सव्वा महिन्याला हे काम येईल आणि ते कुणाच्या आठवणीवर सोडता येणार नाही.

लेट्स एन्क्रिप्ट (फुकट सर्टिफिकेट देणारी संस्था) आणि सर्टबॉट (ते आपोआप आणणारा प्रोग्रॅम) वापरत असाल, तर एक चूक हमखास होते : नवीन सर्टिफिकेट डिस्कवर येतं, पण एनजिनएक्स हा वेब सर्व्हर मेमरीतलं जुनंच देत राहतो. डिप्लॉय-हुकमध्ये (नवं सर्टिफिकेट आल्यावर चालणाऱ्या कमांडच्या जागी) एनजिनएक्स रीलोड करण्याची कमांड घाला. एचटीटीपी पद्धतीने पडताळणी होत असेल, तर पोर्ट ८० बाहेरून उघडा हवा. फायरवॉल आवळताना तो बंद होतो आणि रिन्यूअल थांबतं. बदल केल्यावर ड्राय-रन (खरं सर्टिफिकेट न बदलता तालीम) करून पाहा. मुदत तपासणारी स्क्रिप्ट डिस्कवरची फाइल वाचणारी नको, तिने बाहेरून साइटच्या पोर्ट ४४३ वर जोडून बघावं. मुदत संपत आल्याचे मेल लेट्स एन्क्रिप्टने जून २०२५ पासून बंद केले आहेत.

प्रश्न : आठच सर्व्हर आहेत. अपडेट हाताने केलं तर काय बिघडतं?

उत्तर : नाइट कॅपिटल या अमेरिकी शेअर दलाल कंपनीच्या ऑर्डर पाठवणाऱ्या प्रणालीचेही आठच सर्व्हर होते. नवा कोड हाताने चढवताना एक राहिला आणि दुसऱ्या कुणी तपासलं नाही. १ ऑगस्ट २०१२ रोजी बाजार उघडला आणि त्या एका सर्व्हरवरचा जुना कोड जागा झाला. सुमारे ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरहून जास्त गेले.

अ‍ॅन्सिबल पुरेल; ते अनेक सर्व्हरवर एकच काम आपोआप करणारं साधन आहे. 'सीरियल' (एका वेळी किती सर्व्हर घ्यायचे तो आकडा) एकावर ठेवा : एक सर्व्हर झाला, तपासला, मगच पुढचा. त्याच्या चेक मोडवर (बदल न करता नुसती तालीम) मात्र आंधळा विश्वास नको. शेल मॉड्यूलची (थेट कमांड चालवणारी) कामं त्यात सहसा वगळली जातात, म्हणून सगळं हिरवं दिसतं.

प्रश्न : सर्व्हरचे लॉग (घडामोडींच्या नोंदी) आपोआप पुसले जातात, ते योग्य आहे का?

उत्तर : डिस्कसाठी योग्य, नियमासाठी नाही. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी लॉग १८० दिवस ठेवायचे आहेत. उबुंटूवर लॉगरोटेट (जुने लॉग दाबून पुसणारा प्रोग्रॅम) मुळात चार आठवडे ठेवतो आणि एनजिनएक्सचे लॉग १४ दिवस. आकडे वाढवण्यापूर्वी एका दिवसाचा दाबलेला लॉग किती होतो ते पाहून १८० ने गुणा. डिस्क पुरत नसेल तर रोज रात्री भारतातल्याच वेगळ्या स्टोरेजवर हलवा. ते हलवणारं कामही वरच्या निरीक्षकाच्या यादीत घाला.